जंगल तोडणाऱ्याच्या नावाचे उद्यान

सिएरा नेवाडाच्या डोंगररांगांत, समुद्रसपाटीपासून १,८९७ मीटर उंचीवर, कॅलिफोर्निया आणि नेवाडा या दोन राज्यांच्या सीमेवर लेक टाहो हे सरोवर पसरलेले आहे. खोली ५०१ मीटर. त्याच्या पश्चिम काठावर ‘डी. एल. ब्लिस स्टेट पार्क’ हे राज्य उद्यान आहे. उन्हाळ्यात तेथे तंबू ठोकायला जागा मिळावी म्हणून लोक काही महिने आधी आरक्षण करून ठेवतात. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील मराठी कुटुंबेही टाहोच्या वाऱ्या करतात.

तेथे पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे खाण्याचे सारे पदार्थ, अगदी टूथपेस्टसुद्धा, अस्वलाला उघडता येणार नाही अशा लोखंडी पेटीत बंद करणे. मग रुबिकन नावाच्या पायवाटेने सरोवराच्या कडेकडेने सात-एक किलोमीटर चालत एमरल्ड बेपर्यंत जाता येते. खाली निळे नितळ पाणी, वर पाइन आणि फर. अरण्य अनादि काळापासून असेच उभे असावे, असे वाटते.

उद्यानाला ज्याचे नाव आहे तो डी. एल. ब्लिस कोण, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. या सरोवराभोवतीचे जंगल ज्या कंपनीने सर्वाधिक प्रमाणात तोडले, तिचा तो संस्थापक. आजचा धागा त्याच्याविषयी, आणि ज्यांच्या नावाने काठावर एकही मोठे उद्यान नाही त्या लोकांविषयी.

आधी सरोवराचे नाव. मराठीत ‘टाहो’ म्हणजे आर्त आक्रोश; हा निव्वळ ध्वनीचा योगायोग. मूळ शब्द वॉशो या आदिवासी समाजाचा, आणि त्याचा अर्थ साधा आहे : सरोवर. वॉशो लोक उन्हाळ्यात डोंगर चढून येथे येत, मासेमारी करीत, एकत्र जमत. शरद ऋतूत पूर्वेकडच्या टेकड्यांत उतरून चिलगोज्यासारख्या पाइनच्या बिया गोळा करीत. म्हणजे टाहोच्या काठी उन्हाळी मुक्काम ही हजारो वर्षे जुनी रीत आहे. फक्त ती सुट्टी नव्हती, वर्षाची बेगमी होती.

१८४४ च्या फेब्रुवारीत जॉन फ्रेमाँट या लष्करी सर्वेक्षकाने शेजारच्या शिखरावरून सरोवर पाहिले आणि नकाशावर आणले. पुढे कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जॉन बिगलर यांचे नाव त्याला चिकटले. यादवी युद्धाच्या काळात बिगलर दक्षिणेकडे झुकलेले ठरले, म्हणून ‘टाहो’ प्रचारात आले. तरीही १८७० मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून ‘लेक बिगलर’ हेच नाव अधिकृत केले. ते कागदावरून पुसले जायला १९४५ साल उजाडले. तोवर बिगलर कोण होते हेही बहुतेकांच्या विस्मरणात गेले होते.

१८६१ मध्ये पंचवीस वर्षांचा सॅम्युएल क्लेमेन्स एका मित्रासह येथे मुक्कामाला आला. हाच पुढे मार्क ट्वेन झाला. उद्देश निसर्गदर्शनाचा नव्हता. जंगलाच्या तुकड्यावर हक्क सांगून लाकडावर पैसा करायचा होता. एका संध्याकाळी स्वयंपाकासाठी पेटवलेला विस्तव वाळलेल्या पाइनच्या पानांत शिरला आणि बघता बघता डोंगर पेटला. दोघे होडीत बसून तासन्‌तास ती आग पाहत राहिले. ‘रफिंग इट’ (१८७२) या पुस्तकात ट्वेनने हा प्रसंग मोठ्या रंगतीने सांगितला आहे; पश्चात्ताप त्यात फारसा आढळत नाही. कारण उघड आहे : त्या काळी जंगल म्हणजे न संपणारा साठा होता.

तो संपवण्याची मागणी १८५९ मध्येच जन्माला आली होती. सरोवराच्या ईशान्येला, आजच्या व्हर्जिनिया सिटीत, कॉमस्टॉक ही चांदीची प्रचंड खाण सापडली. धातुपाषाण इतका रुंद आणि भुसभुशीत होता की नेहमीचे टेकू तग धरीनात. १८६० मध्ये फिलिप डायडेसहायमर या जर्मन अभियंत्याने उपाय शोधला. जाड ओंडक्यांच्या चौकोनी चौकटी एकीला एक जोडत न्यायच्या, पोळ्यातल्या घरांप्रमाणे. जितकी चांदी काढली तितके लाकूड आत भरायचे. खाणकामगारांचे प्राण वाचले, पण एक अख्खे जंगल जमिनीखाली गाडले जाऊ लागले. शिवाय वाफेची यंत्रे आणि शहरातल्या चुली यांनाही सरपण हवेच होते.

येथे ड्युएन एल. ब्लिस रंगमंचावर येतो. १८७३ मध्ये त्याने हेन्री येरिंग्टन आणि डी. ओ. मिल्स या भागीदारांसह ‘कार्सन अँड टाहो लंबर अँड फ्लूमिंग कंपनी’ उभारली. व्यवस्था बघण्यासारखी होती. काठावरची झाडे तोडून ओंडके पाण्यात लोटायचे. वाफेच्या बोटी ते तराफ्यांसारखे ओढत पूर्व काठावरील ग्लेनब्रुकच्या गिरण्यांत आणायच्या. चिरलेले लाकूड चिमुकल्या रेल्वेने स्पूनर खिंडीपर्यंत चढवायचे. आणि तेथून व्ही आकाराच्या लाकडी पन्हळीत पाण्याबरोबर सोडून द्यायचे. डोंगर उतरून ते थेट कार्सन सिटीत. रानात राबणाऱ्यांत चिनी आणि फ्रेंच-कॅनेडियन मजूर मोठ्या संख्येने होते.

सुमारे पंचवीस वर्षांत काम संपले, कारण तोडण्याजोगे फार उरले नाही आणि चांदीही आटली. मग ब्लिसने धंदा बदलला. १८९६ मध्ये ‘टाहो’ ही देखणी प्रवासी बोट सरोवरात उतरली. ग्लेनब्रुकचे रूळ आणि इंजिने तराफ्यांवर घालून सरोवरापलीकडे टाहो सिटीला नेण्यात आली, आणि १९०० पासून ओंडके ओढणारी तीच इंजिने ट्रकी स्थानकावरून पर्यटक ओढू लागली. टाहोच्या साऱ्या इतिहासात याहून बोलके दृश्य दुसरे नसेल.

याच वळणावर राष्ट्रीय उद्यानाचाही प्रस्ताव आला. तो बारगळला, आणि त्यामागचे एक कारण शिकण्यासारखे आहे. तत्कालीन कायद्यानुसार राखीव क्षेत्रातील खासगी जमीन सरकारला देऊन इतरत्र सरकारी जमीन घेता येई. म्हणजे बोडके डोंगर सरकारच्या गळ्यात बांधून लाकूड कंपन्या दुसरीकडचे उभे जंगल पदरात पाडून घेतील, ही शंका निराधार नव्हती.

राष्ट्रीय उद्यान झाले नाही, म्हणून राज्य उद्याने तुकड्यातुकड्यांनी झाली. १९२८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी उद्यानांसाठी ६० लाख डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. अट अशी की तितकीच भर देणग्यांतून पडावी. १९२९ मध्ये ब्लिस कुटुंबाने ७४४ एकर जमीन राज्याला दिली. शेजारचे एमरल्ड बे उद्यान १९५३ मध्ये साकारले, तेही हार्वे वेस्ट या लाकूड व्यावसायिकाने निम्मी किंमत सोडून दिल्यामुळे. याला ढोंग म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. जमीन ज्यांच्या हाती होती तेच ती देऊ शकत होते. खरा प्रश्न त्याआधीचा आहे : ती त्यांच्या हाती आली कशी?

वॉशोंनी सरोवर कोणत्याही करारान्वये विकले नव्हते. १८८७ च्या वाटप कायद्याखाली त्यांना जमिनी मिळाल्या त्या पूर्वेकडच्या कोरड्या पाइन नट टेकड्यांत. सरोवराच्या काठावर नाहीत. दरम्यान व्यापारी मासेमारीने त्यांचा मुख्य मासा, लाहोंटन कटथ्रोट ट्राउट, १९३९ पर्यंत सरोवरातून नाहीसा झाला. १९७० मध्ये दावा आयोगाने भरपाई ठरवली सुमारे ५० लाख डॉलर, सगळ्या गमावलेल्या प्रदेशाची.

आज रुबिकन वाटेवरून दिसणारे खोऱ्यातले बरेचसे रान या तोडीनंतर उगवलेले आहे. ते पूर्वीपेक्षा दाट आहे, त्यात फर अधिक आहेत, आणि वॉशोंच्या काळातील लहान-लहान आगी थांबल्यामुळे ते अधिक ज्वालाग्राही झाले आहे. २४ जून २००७ रोजी सरोवराच्या दक्षिणेला बेकायदा पेटवलेल्या शेकोटीतून वणवा भडकला : अँगोरा. सुमारे ३,१०० एकर रान आणि अडीचशेच्या आसपास घरे भस्मसात झाली. ट्वेनच्या विस्तवाला तेव्हा १४६ वर्षे झाली होती. आता तंबूच्या जागेवर शेकोटीचे नियम इतके कडक का, हे वेगळे सांगायला नको.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. पूर्व काठावर, नेवाडाच्या राज्य उद्यानालगत, केव्ह रॉक हा प्रचंड खडक आहे. वॉशोंच्या दृष्टीने तो इतका पवित्र की सामान्य माणसाने तेथे जाऊच नये. महामार्गासाठी १९३१ मध्ये त्यातून एक बोगदा पाडला गेला, १९५७ च्या सुमारास दुसरा. पुढे प्रस्तरारोहकांनी त्याच्या अंगात खुंट्या ठोकल्या. वन विभागाने आरोहणावर बंदी घातली, आरोहकांची संघटना न्यायालयात गेली, आणि २००७ मध्ये अपील न्यायालयाने बंदी कायम ठेवली. खुंट्या नंतर काढण्यात आल्या. बोगदे आहेत तसेच आहेत. सरोवर पाहायला निघालेल्या गाड्या रोज त्यांतूनच जातात.