गळावरचा रंग

गळ म्हटला की आपल्याला त्याचे टोक आठवते, टोकाचे आमिष आठवते. कोकणात त्यालाच गरी म्हणतात. पण गळावर चढवलेल्या रंगाकडे कोणी फारसे पाहत नाही. वास्तविक गळाचा खरा वैरी मासा नव्हे, गंज होय. या गंजाशी माणसाने कशी झुंज घेतली, ते आज पाहू.

अगदी जुने गळ गंजत नसत, कारण ते धातूचे नव्हतेच. जपानमधील ओकिनावा बेटावरच्या साकितारी गुहेत शंखाच्या कवचाचे गळ सापडले. ते सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे आहेत. पुढे तांबे आले. मोहेंजोदडो, हडप्पा आणि आपल्या गुजरातेतील लोथल येथे तांब्याचे गळ मिळाले. मासा निसटू नये म्हणून काहींना उलटा काटाही आहे. तांबे हिरवे पडते, पण लोखंडासारखे झडून जात नाही. लोखंड-पोलाद आले तेव्हा गळाला बळकटी आली आणि तिच्या पाठोपाठ गंजही आला.

१४९६ साली इंग्लंडात गळाने मासे धरण्यावर एक छोटा ग्रंथ छापला गेला. गळ घरीच कसा करावा, हे त्यात सांगितले आहे. सुई निखाऱ्यात लाल करून निवू द्यावी, म्हणजे ती मऊ पडते. मग सुरीने काटा उचलावा, कानशीने टोक काढावे, सुई वाकवावी आणि पुन्हा लाल करून पाण्यात बुडवावी. आपला लोहार विळ्याला पाणी पाजतो, तीच ही विद्या!

पुढे हे घरचे काम कारखान्यात गेले. इंग्लंडातील रेडिच गाव सुयांसाठी आणि गळांसाठीही नावाजले. नॉर्वेतील मुस्ताद कारखान्यात १८७७ पासून गळ होऊ लागले. गळ तयार झाला की शेवटी त्याला कल्हई करीत, नाहीतर काळे रोगण लावून भट्टीत भाजत. जपानी लाखकामाची ही नक्कल, म्हणून तिकडे या कामाला 'जपान करणे' असेच नाव पडले.

१९५० नंतरच्या दशकात जर्मनीत गेमर यांनी निराळी युक्ती काढली. प्लास्टिकच्या कोरड्या भुकटीतून खालून हवा सोडली की ती पाण्यासारखी खेळू लागते. तीत तापलेली वस्तू बुडवली की भुकटी वितळून अंगाला चिकटते. कारखान्यांची ही युक्ती पुढे अमेरिकेतल्या हौशी मासेमारांनी घरी नेली. म्हणजे गळाचे काम फिरून घरी आले!

तिकडे गळाच्या दांड्यावर शिशाचे डोके ओततात. ते ज्योतीवर जरा तापवून रंगीत भुकटीत क्षणभर बुडवायचे. रंग मऊ आहे तोवर दोरीचे भोक मोकळे करायचे. मग गळ भट्टीत टांगून सुमारे १७५ अंश सेल्सिअसवर २० मिनिटे भाजायचे. शिसे ३२७ अंशांना वितळते, म्हणून डोके शाबूत राहते. पोलादी टोक मात्र ज्योतीत धरू नये, त्याचे पाणी उतरते.

पण रंग दिला म्हणजे शिसे निर्विष झाले, असे कोणी समजू नये. दगडावर आपटून रंगाचा टवका उडाला की शिसे उघडे पडते. हंस शिशाची वजने गिळून मरू लागले, तेव्हा १९८७ साली इंग्लंडात बहुतेक लहान वजनांवर बंदी आली. जे हंसाला बाधते ते आपल्या मुलांनाही बाधते. तेव्हा हे काम स्वयंपाकघरात नको, स्वयंपाकाच्या भट्टीत तर नकोच. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. तीन खिळे घ्या. एक उघडा ठेवा, दुसऱ्याला रोगण लावा, तिसऱ्याला रोगण लावून त्यावर एक ओरखडा काढा. तिन्ही मिठाच्या पाण्यात आठवडाभर ठेवा. गंज कोठून शिरतो, ते मुले स्वतःच बोट ठेवून दाखवतील.