जंबुपार : एका शब्दाची आणि एका तंत्राची कुळकथा

‘अल्ट्राव्हायोलेट’ला मराठीत शालेय पुस्तकांनी ‘अतिनील’ म्हटले, तर वाईच्या मराठी विश्वकोशाने जांभळ्या रंगाच्या पलीकडील अदृश्य प्रारण या अर्थी ‘जंबुपार’ हा शब्द योजला. दोहोंत विश्वकोशाचा शब्द अधिक नेमका आहे, कारण निळ्याच्या पुढचा जांभळा दिसतच असतो आणि दृष्टी संपते ती त्याच्याही पुढे. जंबू म्हणजे जांभूळ. बदलापूरच्या ज्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याच्याच रंगाशी माणसाच्या डोळ्याची शीव आहे.

या शिवेपलीकडे काही आहे हे योहान रिटर यांनी 1801 मध्ये येना येथे दाखवले. लोलकातून फाकलेल्या प्रकाशात जांभळ्याच्या पुढे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे चांदीचे क्लोराइड सर्वांत लवकर काळवंडले. पुढे याच प्रकाशाने ज्याचा वेध घेतला, त्या ताऱ्यांदरम्यानच्या वायूचा माग मात्र प्रथम दृश्य प्रकाशातच लागला. मृगाच्या बाणातील मिंटाका हा जोडतारा असल्याने त्याच्या वर्णपटातील, म्हणजे रंगांच्या पट्ट्यातील, काळ्या रेषा मागेपुढे सरकतात. पण कॅल्शियमची एक रेषा त्या हालचालीत सामील होत नाही, हे योहानेस हार्टमान यांनी 1904 मध्ये नोंदवले. ती रेषा ताऱ्याची नव्हती, वाटेतल्या वायूची होती.

जवळच्या ताऱ्यांपर्यंतच्या अंतरात हा वायू इतका विरळ आहे की दृश्य प्रकाशात त्याचा ठसा जेमतेम उमटतो. अशा विरळ वायूतील अणू आपल्या किमान ऊर्जेच्या स्थितीत असतात, आणि त्या स्थितीतून हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन, मॅग्नेशियम, लोह हे शोषतात त्या ठळक रेषा जंबुपार भागात पडतात. तो भाग तर पृथ्वीचे वातावरण, विशेषतः ओझोन, अडवून धरते. म्हणून लायमन स्पिट्झर यांनी 1946 मध्येच अवकाशात दुर्बीण नेण्याची कल्पना मांडली. 1972 मध्ये ‘कोपर्निकस’ उपग्रह आणि 1990 मध्ये हबल दुर्बीण वर गेली.

या तंत्राचे खरे सौंदर्य ब्रह्महृदय या ताऱ्याच्या वर्णपटात दिसते. 121.6 नॅनोमीटरपाशी (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश) वाटेतल्या हायड्रोजनची रुंद काळी दरी आहे आणि तिच्या कडेला ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, याची बारीक खाच. उष्णतेने हलके अणू अधिक वेगाने धावतात आणि त्यांची रेषा अधिक फाकते. वायूतील खळबळ मात्र हलक्या-जड सर्वांना सारखीच फाकवते. ड्यूटेरियमची रुंदी लोहाच्या रुंदीशी ताडून पाहिली की उष्णता आणि खळबळ वेगळ्या काढता येतात. जेफ्री लिन्स्की आणि सहकाऱ्यांनी हबलच्या साहाय्याने 1993 मध्ये अशा रीतीने या वायूचे तापमान सुमारे 7000 केल्व्हिन काढले, आणि दर लाख हायड्रोजन अणूंमागे ड्यूटेरियमचे सुमारे दीड अणू मोजले. हात न लावता इतक्या दूरच्या वायूचा ताप मोजणे ही विज्ञानातील थोर करामत मानावी लागेल.

2008 मध्ये सेथ रेडफील्ड आणि लिन्स्की यांनी सूर्याभोवतीच्या सुमारे 50 प्रकाशवर्षांत या विरळ वायूचे 15 ढग वेगळे ओळखले. त्यांतील सूर्यालगतच्या ढगात पाच घन सेंटीमीटरांत हायड्रोजनचा जेमतेम एक अणू सापडतो, आणि सूर्याच्या तुलनेत तो सेकंदाला सुमारे 26 किलोमीटर वेगाने सरकतो. या ढगांच्या वेगांच्या मोजणीत मॅग्नेशियमच्या 279.6 आणि 280.3 नॅनोमीटरच्या रेषांचा मोठा वाटा आहे; पुण्याच्या ‘आयुका’त घडलेली आणि 2023 मध्ये आदित्य-एल1 या यानावरून गेलेली ‘सूट’ दुर्बीण याच दोन रेषांत आता सूर्य पाहते.