शेजारची यादवी आणि भारताची शांतिसेना (१९८७–१९९०)

१/ ३० जुलै १९८७, कोलंबो. पंतप्रधान राजीव गांधी मानवंदना स्वीकारत पुढे सरकत असताना रांगेतील एका श्रीलंकन नौसैनिकाने बंदुकीचा दस्ता त्यांच्यावर उगारला. ते वेळीच वाकले म्हणून डोक्यावरचा घाव खांद्यावर निभावला. आदल्याच दिवशी याच शहरात भारत-श्रीलंका करारावर सह्या झाल्या होत्या.

२/ परक्या देशातील यादवीत बाहेरच्या सत्तेने सैन्य उतरवावे का? हा प्रश्न जगाच्या राजकारणात पुन्हा पुन्हा उभा राहतो. भारताने त्याचे उत्तर श्रीलंकेत जवळपास तीन वर्षे शोधले. सुमारे १२०० भारतीय सैनिक तेथून परतले नाहीत. हा थ्रेड त्या अनुभवाविषयी.

३/ संघर्षाची मुळे जुनी होती. १९५६ च्या कायद्याने सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली आणि तमिळ समाजात दुय्यमत्वाची भावना बळावली. जुलै १९८३ मध्ये लिट्टेच्या हल्ल्यात १३ सैनिक ठार झाले. त्यानंतर कोलंबोसह अनेक ठिकाणी तमिळांच्या कत्तली झाल्या, घरे-दुकाने जाळली गेली. पुढील काही वर्षांत लाखाहून अधिक निर्वासित तमिळनाडूत आले.

४/ भारत तेव्हाही तटस्थ नव्हता. एकीकडे दिल्ली मध्यस्थी करत होती, तर दुसरीकडे भारतीय गुप्तचर यंत्रणा तमिळ गटांना शस्त्रे व प्रशिक्षण देत होती. कोलंबोवर दबाव राहावा, तमिळनाडूतील जनभावना सांभाळली जावी आणि बेटावर अन्य बड्या सत्तांचा शिरकाव होऊ नये, असे तिहेरी गणित त्यामागे होते.

५/ मे १९८७ मध्ये श्रीलंकेच्या सैन्याने जाफना द्वीपकल्पातील वदमराच्ची भागावर चढाई केली. त्याआधीच्या नाकेबंदीने तेथील जनता मेटाकुटीस आली होती. मदत घेऊन निघालेल्या भारतीय नौका ३ जूनला परतवल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी मिराज विमानांच्या संरक्षणात भारतीय मालवाहू विमानांनी जाफन्यावर अन्नधान्य व औषधे टाकली.

६/ या दबावानंतर २९ जुलैचा करार झाला. श्रीलंकेने तमिळबहुल उत्तर व पूर्व प्रांत तात्पुरते एकत्र करावेत, प्रांतांना अधिकार द्यावेत, सैन्य बराकीत न्यावे आणि अतिरेकी गटांनी ७२ तासांत शस्त्रे खाली ठेवावीत, असे ठरले. अंमलबजावणीची हमी भारताने घेतली. राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्या विनंतीवरून शांतिसेना जाफन्यात दाखल झाली.

७/ मात्र करारावर सह्या दोनच होत्या, दोन सरकारांच्या. शस्त्रे खाली ठेवायची होती ती लिट्टेने, आणि तिची सही कोठेच नव्हती. प्रभाकरन यांची नाखुषी दिल्लीला ठाऊक होती. तरी दबावापुढे ते नमतील, हे गृहीत धरले गेले. ज्या गटाने शब्दच दिला नव्हता, त्याच्या वतीने भारत जामीन राहिला.

८/ हे गृहीतक दोन महिन्यांत कोसळले. ऑक्टोबरच्या आरंभी श्रीलंकेच्या नौदलाने लिट्टेच्या १७ जणांना पकडले. त्यांना कोलंबोला नेण्याची तयारी होताच त्यांनी सायनाइड घेतले. १२ जण मरण पावले. लिट्टेने सिंहली नागरिकांच्या हत्या सुरू केल्या. शांतता राखण्यासाठी आलेल्या सैन्याला युद्धाचा आदेश मिळाला. हेच ‘ऑपरेशन पवन’.

९/ ११ ऑक्टोबरच्या रात्री लिट्टेचे नेतृत्व पकडण्यासाठी हेलिकॉप्टरमधून जाफना विद्यापीठाच्या मैदानावर सैनिक उतरवले गेले. लिट्टे सज्ज होती. शीख लाइट इन्फंट्रीच्या उतरलेल्या तुकडीतील एकच जवान वाचला, तोही युद्धकैदी म्हणून. जाफना शहर हाती आले, पण जंगलातील गनिमी युद्ध तेथून पुढे सुरू झाले.

१०/ २५ नोव्हेंबरला ८ महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी छातीत गोळी लागल्यावरही शत्रूची रायफल हिसकावून झुंज दिली. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्याच मोहिमेत २१ ऑक्टोबरला जाफना रुग्णालयात भारतीय सैनिकांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर व परिचारिका मारले गेले. या दोन्ही घटना एकाच इतिहासाच्या आहेत.

११/ दक्षिणेत भारतीय सैन्याच्या उपस्थितीमुळे जनता विमुक्ती पेरामुनाच्या सशस्त्र उठावाला बळ मिळाले. १९८९ मध्ये सत्तेवर आलेल्या प्रेमदासा यांनी शांतिसेनेला परत जाण्यास सांगितले. इतकेच नव्हे, तर लिट्टेला शस्त्रेही पुरवली. ज्यांच्या विनंतीवरून सैन्य आले, त्याच राज्यसंस्थेची शस्त्रे त्या सैन्याच्या शत्रूकडे पोहोचली.

१२/ २४ मार्च १९९० रोजी अखेरची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासमधील स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुम्बुदूर येथे लिट्टेने राजीव गांधींची हत्या केली. प्रेमदासाही १९९३ मध्ये लिट्टेच्याच हल्ल्यात मारले गेले.

१३/ हस्तक्षेपाचे समर्थक १९७१ चा दाखला देतात, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु पूर्व पाकिस्तानात निवडणूक जिंकलेले नेतृत्व होते, भारत कोणाच्या बाजूने लढतो हे स्पष्ट होते आणि मार्च १९७२ पर्यंत सैन्य परतलेही. १९८७ मध्ये मध्यस्थ, जामीनदार आणि योद्धा या तिन्ही भूमिका एकाच सैन्यावर आल्या.

१४/ मग दूर राहणे निर्दोष ठरते का? तसेही नाही. २००९ मध्ये युद्ध संपले तेव्हा जगाने सैन्य पाठवले नाही. अखेरच्या महिन्यांत ४० हजारांपर्यंत नागरिक मारले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये नोंदवले. प्रांतिक परिषदा देणारी १९८७ ची तेरावी घटनादुरुस्ती मात्र आजही श्रीलंकेच्या राज्यघटनेत आहे.

१५/ म्हणून ‘जावे की न जावे’ एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. लढणाऱ्या गटांपैकी कोणी खरोखर संमती दिली आहे? संमती मागे घेतली गेली तर काय? सैन्याचे काम कोणत्या क्षणी पूर्ण झाले असे मानायचे? जुलै १९८७ मध्ये या प्रश्नांची उत्तरे तयार नव्हती. सैनिक मात्र विमानात बसले होते.