बॉम जीझसचा उतरवलेला गिलावा

राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात यरुशलेमच्या मंदिराच्या डागडुजीची हकिकत आहे. योआश राजाने मंदिराची दुरुस्ती करण्यास याजकांना फर्माविले. पैसा येत राहिला, परंतु त्याच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी भगदाडे तशीच होती. अखेर यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली आणि जमलेला पैसा सुतार, गवंडी व पाथरवट यांच्या हाती जाऊ लागला. आपल्या धर्मग्रामांतून पेटी असते, उदारपणे देणारेही असतात. परंतु भिंतीला नेमके काय हवे, हे कोणी कोणाला शिकविलेले नसते.

ते न कळल्यास काय होते, हे जुन्या गोव्यातील बॉम जीझस बासिलिकेकडे पाहून समजते. २४ नोव्हेंबर १५९४ रोजी तिची पायाभरणी झाली आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी तिचा अभिषेक केला. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र अवशेष तेथेच आहेत. दर्शनी भागातील कोरीव काळा दगड वसईहून नेलेला. वसईकरांनी अवश्य अभिमान बाळगावा! बाकी भिंती मात्र जांभ्याच्या. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, हवेने कठीण होतो, तरी सच्छिद्रच राहतो व पाणी पितो. म्हणूनच गोमंतकीय गवंडी त्यावर चुन्याचा गिलावा चढवीत आणि पावसाळा सरला की सफेदी करीत. चुना पावसाला थोपवितो, आत शिरलेल्या ओलीला बाहेरही जाऊ देतो. स्वतः झिजतो आणि दगड राखतो.

१९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज स्थापत्यविशारदाच्या देखरेखीखाली बासिलिकेचा बाहेरील गिलावा उतरविण्यात आला. वास्तू अधिक प्राचीन भासावी, हा हेतू. आज यात्रेकरू त्या तांबूस भिंतींनाच मूळ रूप समजतात. मीही कित्येक वर्षे तसेच समजत होतो. २०२० साली बासिलिकेच्या रेक्टरांनी जाहीरपणे चिंता व्यक्त केली, ती उघड्या जांभ्याची पावसाने होणारी झीज पाहूनच. येथे कोणी मंदिराकडे दुर्लक्ष केले नव्हते. उलट, फार प्रेमाने हात लावला होता.

हा खरवडण्याचा सोस एकट्या गोव्याचा नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील जुन्या चर्चांचेही गिलावे असेच उतरविले जात. त्याविरुद्ध विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणार्थ संस्था काढली. तिचे टोपणनावच ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडण्याची विरोधक! रोजची निगा राखली तर मोठी दुरुस्ती टळते, हे तिचे सूत्र. याच संस्थेने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘फेथ इन मेन्टेनन्स’ हा उपक्रम सुरू करून जुन्या प्रार्थनामंदिरांची काळजी वाहणाऱ्या स्वयंसेवकांना शिक्षण दिले. पन्हळी कशा तपासाव्यात, ओल कोठून येते हे कसे ओळखावे, आणि जाणकाराला केव्हा बोलवावे, असे त्याचे साधे स्वरूप.

आमच्या दारव्ह्याकडे जांभा नाही, चार शतकांची ख्रिस्तमंदिरेही नाहीत. यवतमाळ जिल्हा ज्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो, तोच मुळी १९५५ सालचा. परंतु येथली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. पन्हळीचे पाणी जोत्याशी साचले की पायाखालची माती एका बाजूने फुगते आणि वर भिंतीला तडा जातो. मग आपण त्या तड्यावर सिमेंट थापतो व निश्चिंत होतो. पाणी तेथेच पडत राहते, पुढल्या वर्षी तडाही तेथेच!

वऱ्हाडातल्या प्रत्येक धर्मग्रामाने दोघा-चौघा तरुणांना एखाद्या अनुभवी गवंड्याच्या हाताखाली ही दृष्टी घ्यायला लावावे. मृगापूर्वी पन्हळीतील पालापाचोळा काढावा. भिंतीतले पिंपळाचे रोप बोटाएवढे असतानाच हटवावे. वाळवीची माती दिसताच फादरांना कळवावे. पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन मंदिराभोवती एक फेरी मारावी, कारण पाणी कोठे चुकते ते पावसातच दिसते. जे दिसेल ते तारखेनिशी वहीत टिपावे. आणि शिडी धरायला खाली दुसरा माणूस असल्याखेरीज कोणीही वर चढू नये.