घड्यावरचा डाव

इसवी सनापूर्वी 540 च्या आसपासचं अथेन्स. केरामेइकोस या कुंभारवाड्यात तुम्ही उभे आहात आणि भट्टीची धग अंगाला लागते आहे. समोर घडे रंगवणारा एक्सेकियास बसलाय, पुढ्यात दोन फूट उंचीचा, दोन कानांचा घडा. त्यावर ट्रॉयच्या लढाईतले दोन वीर, अकिलीस आणि एजॅक्स, भाले खांद्याला टेकवून पटावर वाकलेत. एक्सेकियास त्यांच्या तोंडापाशी अक्षरं लिहितो. एक म्हणतो ‘चार’, दुसरा ‘तीन’. सारीपाट खेळलेल्याला डाव कुणाकडे झुकलाय ते सांगावं लागत नाही.

आणखी जवळ जा. काळा रंग कुठेच नाही! घडा आणि चित्र दोन्ही लोह असलेल्या मातीचे. चित्रासाठी तीच माती पाण्यात निवळून तिचा सर्वांत बारीक अंश घेतलाय. अणकुचीदार टोकाने एक्सेकियास वीरांच्या अंगरख्यांची वेलबुट्टी कोरतोय.

मग भट्टी पेटते. आधी हवा मोकळी, सगळं तांबडं. नंतर झरोके बंद करून ओलं लाकूड आत सारतात. धूर कोंडतो, सगळं काळं. शेवटी झरोके पुन्हा उघडतात. घड्याचं अंग सच्छिद्र, ते हवा घेऊन परत तांबडं होतं. चित्राचा लेप मात्र तोवर वितळून मिटलेला असतो. हवा आत शिरत नाही, तो काळाच राहतो. एकाच भाजणीत हे सगळं! माणसाच्या हातून याहून सुंदर काही फार थोडं घडलं असेल.

आता पूर्वेकडे वळा. त्याच सहस्रकात, नागपूरजवळ माहुरझरीला, शिळावर्तुळांत मृतांसोबत ठेवायची काळी-तांबडी भांडी भाजली जाताहेत. भांडं पालथं घातलेलं. काठ आणि आतली बाजू दबलेली म्हणून काळी, बूड उघडं म्हणून तांबडं. ग्रीसचं नाव न ऐकलेल्या तिथल्या कुंभारालाही आगीला हवा किती द्यायची ते पक्कं ठाऊक आहे.

आता थेट आजच्या वाशिममध्ये, चौथीच्या वर्गात उतरा. मुलांना कार्डशीट मधोमध दुमडून अर्ध्या घड्याची रेघ काढायला सांगा. कापून उलगडलं की दोन्ही बाजू सारख्या. वर नारिंगी तेलखडू जाड घासू द्या. आकृती काळ्या पोस्टर कलरने भरायची, रंगात साबणाचा थेंब हवाच, नाहीतर तो खडूवर धरत नाही. वाळल्यावर संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने खरवडायचं. काळ्यातून नारिंगी रेघ उमटते, एक्सेकियासच्या कोरणीखालून तांबडं अंग दिसे तशीच.

अकिलीसचा आग्रह नको. पोळा तोंडावर असेल तर बैलच येतील, झुलीसकट, आणि झुलीची नक्षी खरवडायला पोरं जीव ओततात. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी विचारेल, “मॅडम, बैल काय म्हनते थे बी लिहू काय?”

“लिही,” म्हणा, आणि बैलाच्या तोंडापाशी जागा ठेवायला सगळ्यांनाच सांगा.