रात्री तीनचा दमा : गोळी की पंप?

थंडी पडली की आमच्या गावात मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "पंप नको, गोळीच द्या. पंपाची सवय लागते." परवा एक काका हेच म्हणत होते, म्हणून हे लिहितोय.

दमा रात्रीच गाठतो, हे जुनंच दुखणं. इंग्लंडचे डॉक्टर जॉन फ्लॉयर स्वतः दमेकरी. १६९८ साली त्यांनी दम्यावर पुस्तक लिहिलं, त्यात रात्री एक-दोनला उठवणारा झटका आहे. आणि औषध नाका-तोंडाने ओढणं हे परदेशी फॅड म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, धोत्र्याचा धूर ओढायची युक्ती १९व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी नेली ती आपल्याच देशातून!

आजच्यासारखा पंप अमेरिकेत १९५६ मध्ये आला. पण पंपाची भीती अगदीच बिनबुडाची नव्हती, हेही मान्य करू. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये दम्याने मरणाऱ्यांचा आकडा अचानक चढला आणि बोट गेलं आयसोप्रेनलिनच्या जास्त ताकदीच्या पंपाकडे. म्हणजे ठपका आला तो त्या औषधावर आणि त्याच्या मात्रेवर.

१९६९ मध्ये साल्ब्युटामॉल आलं. गोळीतही तेच, पंपातही तेच. आता हिशेब बघा. गोळी ४ मिलिग्रॅमची, पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. एका गोळीत चाळीस फवारे! गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळीकडे. म्हणून हात थरथरतात, छातीत धडधडतं. फवारा थेट श्वासनळीत.

मग गोळी टिकली कशी? रात्रीमुळेच. या पंपाचा असर चार ते सहा तास. दहाला घेतला तर पहाटे तीनला संपलेला. म्हणून १९८०च्या सुमारास डॉक्टर झोपताना थिओफिलिनची हळूहळू विरघळणारी गोळी देऊ लागले. रात्र निघायची, पण मात्रा जरा चढली की मळमळ, धडधड, फारच चढली तर झटके. परदेशात त्यासाठी रक्त तपासत. आपल्याकडे किती जणांचं तपासलं असेल, तुम्हीच सांगा.

१९९०मध्ये ब्रिटनमध्ये साल्मेटेरॉलचा पंप आला, असर बारा तास. थिओफिलिनशी तुलना झाली तेव्हा पंपवाल्यांना झोप जास्त शांत लागली, त्रासही कमी झाला. पण दम्यात हे औषध एकटं घेणं धोक्याचं, सोबत स्टिरॉइडचा पंप हवाच, हेही पुढे कळलं. कारण रात्री जाग येते म्हणजे श्वासनळीची आतली सूज आटोक्यात नाही. नळी नुसती रुंद करून सूज जात नाही, मग ती गोळीने करा नाहीतर फवाऱ्याने.

त्या काकांना विचारलं, रात्री उठून बसावं लागतं हे डॉक्टरांना सांगितलंत का?

"ते कुठं विचारतात," म्हणाले, आणि गोळ्यांची पट्टी खिशात टाकून निघाले.