थळ बदलून द्या

मराठ्यांच्या जुन्या कागदपत्रांत ‘थळ’ हा शब्द वारंवार भेटतो. थळ म्हणजे जागा. परंतु तंट्याच्या कागदात त्याचा अर्थ, निवाडा जिथे व्हायचा ते ठिकाण. वादी हात जोडून हुजुरांस विनंती करतो की, इथले गोत प्रतिवादीच्या बाजूचे आहे, इथे मला न्याय मिळायचा नाही, तरी मेहेरबानी करून थळ बदलून द्या. न्यायाधीशाचाच निकालात काही हितसंबंध असला तर काय करावे, या प्रश्नावर आज मोठमोठे कायदेपंडित खल करतात. आमच्या कुणब्याला तो प्रश्न तेव्हाच पडला होता, आणि त्याने त्याला दोन अक्षरांचे नावही देऊन ठेवले होते!

हा प्रश्न पडण्याचे कारण गावगाड्याच्या रचनेतच होते. मुळशी तालुक्यातले मारुंजीच घ्या. आज तिथे हिंजवडीच्या शेजारामुळे उंच इमारती उठल्या आहेत. पण क्षणभर त्या पुसून मावळपट्टीतले एखादे जुने गाव डोळ्यांपुढे आणा. दोन भाऊबंद पाटीलकीवरून भांडत आहेत. निवाडा करणार कोण? तर गोतसभा. तिच्यात गावचे पाटील-कुलकर्णी, बलुतेदार, शेजारगावचे पाटील, परगण्याचे देशमुख-देशपांडे. यांना कोणी मतदान करून निवडले नव्हते. ज्याचे वतन त्याचे आसन. आणि गोत या शब्दाचा अर्थच मुळी नातलग! सभेतला एक वादीचा मामा, दुसरा प्रतिवादीचा व्याही, तिसऱ्याचे शेत त्याच वतनाच्या बांधाला लागलेले. निःपक्षपाती माणूस शोधायचा कुठे?

बरे, परका माणूस आणून बसवावा, तर त्याला गावचे काय ठाऊक? कोणाच्या आज्याने कोणते शेत कसले, मानाचे पान कोणाच्या हाती पडत आले, हे नातलगांनाच माहीत. ज्याला माहिती त्याचा हितसंबंध, आणि ज्याचा हितसंबंध नाही त्याला माहिती नाही, अशी ही अडचण होती.

तिच्यातून वाट काढण्यासाठी त्या लोकांनी जे उपाय योजले ते पाहिले म्हणजे कौतुक वाटते. निवाड्याला बसण्यापूर्वीच दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेत. हा आजचा नोकरी सोडण्याचा राजीनामा नव्हे. या सभेचा निकाल आम्हांस राजीखुशीने मान्य, असा तो करार. सोबत जामीन. मग सभासदांना शपथ घालायची की, खोटे बोलाल तर तुमचे बेचाळीस पूर्वज नरकात पडतील. शेवटी महजर लिहिला की त्यावर प्रत्येकाने आपली निशाणी करायची. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, ज्याच्या धंद्याचे जे असेल ते. निकाल वाकडा दिला तर कोणी दिला हे नातवंडांनाही दिसावे, अशी ती सोय होती.

एवढ्यानेही समाधान झाले नाही म्हणजे थळ बदलायचे. कऱ्हाडजवळच्या मसूरचा दाखला प्रसिद्ध आहे. इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, सतराव्या शतकाच्या आरंभी, तिथल्या पाटीलकीवर बापाजी मुसलमान नावाच्या माणसाने हक्क सांगितला. विरुद्ध बाजूस जगदाळे होते. निकाल बापाजीच्या विरुद्ध गेला. तेव्हा त्याने बादशहाकडे धाव घेतली आणि इथले लोक पक्षपाती आहेत, माझा वाद पैठणास पाठवा, अशी मागणी केली. मुसलमान वादी मुसलमान बादशहाकडे जातो, आणि मागतो काय, तर गोदाकाठच्या पैठणच्या सभेचा निवाडा! बादशहाने तो दिला. पैठणासही बापाजी हरला, आणि पुन्हा बादशहाकडे आला. पण आपण मागितलेल्या थळाचा निकाल त्याला पाळावाच लागला.

या व्यवस्थेत दोष नव्हते असे कोणी समजू नये. जिंकणाऱ्याकडून सरकार ‘हरकी’ घेई आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’, म्हणजे कोणीही जिंको, खजिन्यात भर पडायचीच. तंट्यात असा गोडवा असल्यावर तंटे मिटण्याची घाई कोणाला? आणि शिवेच्या भांडणात ज्या महाराचा शब्द शेवटचा मानत, ज्याच्या पावलामागून सारी पंचमंडळी शीव चालत जात, त्याचे घर मात्र वेशीबाहेरच ठेवले होते. त्याच्या सत्यावर विश्वास आणि त्याच्या सावलीचा विटाळ, ही गोष्ट मला कोणत्याही दिव्यापेक्षा अधिक अचंब्याची वाटते.

न्यायाधीशाला नेमणारा धनीच आरोपी असला तर? पुण्यात तोही प्रसंग आला. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि गादीवर आले चुलते राघोबादादा. रामशास्त्री प्रभुणे पेशव्यांचेच पगारी न्यायाधीश. त्यांनी तपास करून दादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. बारभाईंनी बोलावले तेव्हाच ते परत आले. पण रामशास्त्री दर पिढीला निपजत नसतात; व्यवस्था त्यांच्या भरवशावर चालवता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर गावाने निवडलेल्या न्यायाधीशांचाही प्रयोग झाला. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, 1958 ने गावांच्या गटासाठी न्यायपंचायती आणल्या आणि त्यांचे सभासद निवडण्याचे काम ग्रामपंचायतींवर सोपवले. ज्यांनी निवडून दिले त्यांचेच दावे पुढ्यात येणार, आणि पुढची निवडणूक तर ठरलेलीच! सत्तरीच्या दशकात महाराष्ट्राने त्या बंद केल्या.

अमेरिकेत मात्र पुष्कळ राज्यांत अजूनही न्यायाधीश मतपेटीतून येतात. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीवर 2002 साली 5 कोटी डॉलरचा निकाल झाला. अपील व्हायचे होते. दरम्यान 2004 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची निवडणूक आली, आणि कंपनीचे प्रमुख ब्लँकनशिप यांनी ब्रेंट बेंजामिन या उमेदवारासाठी सुमारे 30 लाख डॉलर ओतले. बेंजामिन निवडून आले, त्याच अपिलात बसले, बाजूला व्हा म्हटले तरी उठले नाहीत, आणि निकाल तीन विरुद्ध दोन मतांनी कंपनीच्या बाजूने लागला. 8 जून 2009 रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, बेंजामिन यांनी तिथे बसायलाच नको होते, असे ठरवले. तेही पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या मतांनी.

आपल्याकडे ग्राम न्यायालय अधिनियम, 2008 मध्ये न्यायाधिकारी निवडायचा नाही, तर राज्य सरकारने उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने नेमायचा, असे ठरले. दाव्यात त्याचा स्वतःचा संबंध असेल किंवा कोणी पक्षकार नात्यातला असेल, तर त्याने तिथे बसायचे नाही, प्रकरण वर कळवायचे आणि ते दुसरीकडे जायचे. म्हणजे पुन्हा थळ बदलायचे! फरक इतकाच की, आता वादीला बादशहाकडे जावे लागत नाही.

मारुंजीत आज नात्याबाहेरचा माणूस शोधायला दूर जायला नको. एकेका इमारतीत तसे शेकड्यांनी राहतात, आणि त्यांना शेजारच्या दारावरचे आडनावदेखील ठाऊक नसते. पण जुन्या बांधाची खूण विचाराल, तर ती सांगणारी घरे अजून तीच जुनी, आणि एकमेकांची सोयरी.